जसेच्या तसे, एवढे सोडून: एक्सएमएलमधील आयडेंटिटी ट्रान्सफॉर्म

एखादा एक्सएमएल दस्तऐवज वाचायचा आणि त्यातला प्रत्येक एलिमेंट, प्रत्येक अॅट्रिब्यूट, मजकुराचा प्रत्येक तुकडा, मध्येच कोणी लिहून ठेवलेल्या कॉमेंटसुद्धा जशाच्या तशा नव्या दस्तऐवजात उतरवायच्या, या क्रियेला आयडेंटिटी ट्रान्सफॉर्म म्हणतात. बेरजेत शून्य आणि गुणाकारात एक समोरच्या संख्येला धक्का लावत नाही, तसे हे रूपांतर दस्तऐवजाला धक्का लावत नाही. एवढाच हेतू असता तर फाइलची साधी कॉपी पुरली असती. पण 'बाकी सगळे राहू द्या, फक्त अमुक एवढे बदला' असे सांगायची वेळ आली की हे रूपांतर उपयोगी पडते, आणि एक्सएमएलवर काम करणाऱ्यांपुढची बरीचशी रोजची कामे नेमकी याच जातीची असतात.

सीएलडीआर हा युनिकोड कन्सॉर्टियमचा माहितीसाठा याचे चांगले उदाहरण आहे. कोणत्या भाषेत महिन्यांना आणि वारांना काय म्हणतात, तारीख कशी लिहितात, अंक कोणते वापरतात, चलनांची नावे काय, ही माहिती त्यात भाषावार ठेवलेली असते आणि फोन, संगणक, ब्राउझर ती तिथून घेतात. प्रत्येक भाषेची स्वतंत्र एक्सएमएल फाइल असते. मराठीच्या फाइलचे नाव 'एमआर' या दोन अक्षरी संकेतावरून पडले आहे. तिच्यात जानेवारी ते डिसेंबर ही नावे पूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही रूपांत आहेत, आणि मराठीसाठी देवनागरी अंक हे गृहीत धरावेत अशी नोंदही आहे. एखादी नोंद किती पक्की आहे हे सांगायला तिच्यावर 'ड्राफ्ट' नावाचे अॅट्रिब्यूट लावता येते. त्याच्या चार किमतींपैकी 'अनकन्फर्म्ड' ही सर्वांत कच्ची. समजा, एखाद्या अॅपकर्त्याला अशा कच्च्या नोंदी वगळून उरलेली फाइल हवी आहे. हजारो ओळींच्या फाइलमधून काही थोड्या नोंदी काढायच्या आणि बाकीच्यांतली वेलांटीही हलू द्यायची नाही, असे हे काम आहे.

एडिटरमधल्या 'शोधा आणि बदला'ने ते करणे धोक्याचे आहे. टॅग दोन ओळींत मोडलेला असू शकतो, अॅट्रिब्यूटचा क्रम वेगळा असू शकतो, तेच शब्द एखाद्या कॉमेंटमध्येही असू शकतात. अक्षरे शोधणाऱ्या साधनाला टॅग आणि कॉमेंट यांतला फरक कळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे नव्या फाइलचा पूर्ण सांगाडा हाताने लिहून जुन्या फाइलमधली एकेक किंमत त्यात ओढून आणणे. हा मार्ग नवशिक्यांना सोपा वाटतो, पण त्यात जे आठवले तेवढेच पुढे जाते. पुढच्या आवृत्तीत एखादा नवा एलिमेंट आला तर तो गळतो आणि गळल्याचे कोणाला कळतही नाही. आयडेंटिटी ट्रान्सफॉर्ममध्ये रीत उलटी असते: ज्याच्याबद्दल काहीच सांगितलेले नाही ते टिकते, आणि नियम लिहावे लागतात ते फक्त अपवादांसाठी.

एक्सएमएल १.० हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. अशा दस्तऐवजांच्या रूपांतरासाठी तयार झालेली एक्सएसएलटी ही भाषा १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आली. तिच्या पहिल्या आवृत्तीचे संपादक जेम्स क्लार्क होते. दस्तऐवजातली जागा नेमकी दाखवणारी एक्सपाथ ही तिची जोडीदार भाषाही त्याच दिवशी प्रसिद्ध झाली. आयडेंटिटी ट्रान्सफॉर्म त्या मूळ मानकातच, कॉपी करण्याविषयीच्या कलमात, उदाहरण म्हणून दिलेले आहे. आज्ञांची नावे प्रत्यक्ष फाइलमध्ये रोमन लिपीतच लिहावी लागतात. ती देवनागरीत उतरवली तर तो नियम असा दिसतो:

<एक्सएसएल:टेम्प्लेट मॅच="@*|नोड()">
  <एक्सएसएल:कॉपी>
    <एक्सएसएल:अप्लाय-टेम्प्लेट्स सिलेक्ट="@*|नोड()"/>
  </एक्सएसएल:कॉपी>
</एक्सएसएल:टेम्प्लेट>

पाच ओळींचा हा नियम समजायला आधी एक गोष्ट पक्की हवी. एक्सएसएलटीच्या प्रोसेसरला फाइलमधली अक्षरे दिसतच नाहीत. पार्सर ती आधी वाचतो आणि त्यांचे एक झाड तयार करतो. रूपांतर या झाडावर होते, निकाल म्हणून दुसरे झाड तयार होते आणि शेवटी ते पुन्हा अक्षरांत लिहिले जाते. झाडावरच्या प्रत्येक घटकाला नोड म्हणतात. एक्सपाथच्या पहिल्या आवृत्तीत नोडचे सात प्रकार आहेत: मूळ, एलिमेंट, मजकूर, अॅट्रिब्यूट, नेमस्पेस, कॉमेंट आणि प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन. यातली एक गंमत सुरुवातीला चकवते. एलिमेंट हा त्याच्या अॅट्रिब्यूटचा पालक मानला जातो, पण अॅट्रिब्यूट हे त्या एलिमेंटचे अपत्य मानले जात नाही. त्यामुळे 'नोड()' म्हटले की एलिमेंट, मजकूर, कॉमेंट वगैरे सगळी अपत्ये येतात आणि अॅट्रिब्यूट तेवढी बाहेर राहतात. नियमात '@*' वेगळे लिहावे लागते ते यासाठी. मधली उभी रेघ म्हणजे 'किंवा'.

आता एक छोटा दस्तऐवज घेऊ. एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीतही चालतात, ही सोय फारशी कोणी वापरत नाही. इथे वापरायला हरकत नाही.

<वर्ष>
  <महिना क्रमांक="४">एप्रिल</महिना>
  <महिना क्रमांक="५" स्थिती="कच्चा">मे</महिना>
</वर्ष>

प्रोसेसर मूळ नोडपासून निघतो आणि 'वर्ष' या एलिमेंटपाशी येतो. नियमातला 'मॅच' त्याला लागू पडतो. मग 'कॉपी' ही आज्ञा नव्या झाडात 'वर्ष' नावाचा रिकामा एलिमेंट तयार करते. रिकामा हा शब्द महत्त्वाचा आहे. ही आज्ञा फक्त समोरचा नोड उतरवते, त्याची अॅट्रिब्यूट किंवा अपत्ये उतरवत नाही. ती येतात आतल्या 'अप्लाय-टेम्प्लेट्स'मुळे. ही आज्ञा म्हणते, या नोडची सगळी अॅट्रिब्यूट आणि सगळी अपत्ये घ्या आणि प्रत्येकासाठी योग्य तो नियम शोधा. शोधल्यावर पुन्हा हाच नियम सापडतो. 'महिना' येतो, त्याची रिकामी प्रत होते, मग त्याचे 'क्रमांक' हे अॅट्रिब्यूट आणि 'एप्रिल' हा मजकूर रांगेत येतात. या दोघांना स्वतःची अपत्ये नाहीत, त्यामुळे त्यांची प्रत झाली की तिथून खाली जायला काही उरत नाही आणि प्रोसेसर पुढच्या 'महिना'कडे वळतो. नियम स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतो, पण दर वेळी एक पायरी खाली उतरतो, म्हणून तो अनंत फेऱ्यांत अडकत नाही.

मूळ नोडला मात्र हा नियम लागू होत नाही, कारण 'नोड()' हा नमुना कोणाचे तरी अपत्य असलेल्या नोडलाच जुळतो आणि मुळाला पालक नसतो. काम अडत नाही, कारण एक्सएसएलटीमध्ये काही नियम आधीपासून भरलेले असतात. मूळ आणि एलिमेंट यांच्यासाठीचा अंगभूत नियम म्हणतो, आतल्या अपत्यांकडे जा. मजकुरासाठीचा म्हणतो, मजकूर लिहा. कॉमेंटसाठीचा म्हणतो, काहीच करू नका. एखादी स्टाइलशीट, म्हणजे नियमांची फाइल, पूर्ण रिकामी ठेवून वरच्या दस्तऐवजावर चालवली तर 'एप्रिल' आणि 'मे' हे शब्द आणि मधल्या मोकळ्या जागा एवढेच बाहेर पडते. सगळे टॅग जातात. कॉपीऐवजी गाळणे हाच या भाषेचा मूळ स्वभाव आहे, आणि आयडेंटिटी नियम तो स्वभाव बदलतो.

आता अपवाद. कच्च्या नोंदी काढायच्या तर 'महिना[@स्थिती="कच्चा"]' या नमुन्यासाठी एक नवे टेम्प्लेट, म्हणजे नियम, लिहायचे आणि ते रिकामे ठेवायचे. त्या नोडपाशी आल्यावर प्रोसेसर रिकामे टेम्प्लेट चालवतो, काहीच लिहीत नाही, आतही उतरत नाही. झाले. पण त्या नोडला तर आयडेंटिटी नियमही जुळतो, मग नवा का निवडला जातो? याचे उत्तर प्राधान्याच्या आकड्यांत आहे. जितका नमुना नेमका तितका त्याचा आकडा मोठा. 'नोड()' आणि '@*' यांना मुळातच उणे ०.५ मिळतात, नुसत्या 'महिना' या नावाला ०, आणि चौकटी कंसातली अट जोडली की ०.५. आयडेंटिटी नियम या शर्यतीत तळाशी असतो, म्हणून लिहिलेला जवळजवळ कोणताही नियम त्याला मागे टाकतो. दोन अपवादांचे आकडे सारखे निघाले तर मात्र गोंधळ होतो. पहिल्या आवृत्तीच्या मानकानुसार ही चूकच आहे. मात्र प्रोसेसरला वाटल्यास शेवटी लिहिलेला नियम घेऊन पुढे जाण्याची मुभा आहे. अशा वेळी प्राधान्याचा आकडा स्वतः लिहून टाकणे शहाणपणाचे. आयडेंटिटी नियम वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तो इम्पोर्ट करण्याचीही पद्धत आहे. इम्पोर्ट केलेल्या नियमांचा मान नेहमी खालचा असतो, त्यामुळे आकड्यांची चिंता बरीच कमी होते.

काढून टाकणे हा सर्वांत सोपा बदल. वेष्टन सोलायचे असेल, म्हणजे बाहेरचा टॅग काढून आतला ऐवज ठेवायचा असेल, तर टेम्प्लेटमध्ये 'कॉपी' न लिहिता फक्त 'अप्लाय-टेम्प्लेट्स' लिहायचे. नाव बदलायचे असेल तर 'कॉपी'च्या जागी नव्या नावाचा टॅग लिहून आत तीच ओळ ठेवायची. अॅट्रिब्यूटची किंमत बदलायला त्या अॅट्रिब्यूटसाठीच टेम्प्लेट लिहायचे. ते कोणत्या एलिमेंटवर आहे याची फिकीर करावी लागत नाही.

नवे अॅट्रिब्यूट जोडताना क्रम सांभाळावा लागतो. एलिमेंटमध्ये एखादे अपत्य लिहून झाल्यावर अॅट्रिब्यूट जोडायला गेले तर ती चूक ठरते. मूळ नियमात हा प्रश्न येत नाही, कारण दस्तऐवजाच्या क्रमात अॅट्रिब्यूट अपत्यांच्या आधी धरली जातात. अपवादाचे टेम्प्लेट लिहिताना मात्र आधी जुनी अॅट्रिब्यूट उतरवायची, मग नवे जोडायचे, मग अपत्यांकडे जायचे, हा क्रम लिहिणाऱ्याने पाळायचा असतो. जुन्या नावाचेच अॅट्रिब्यूट नंतर पुन्हा लिहिले तर नंतरचे टिकते, ही त्यातली कामाची बाब.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक याहून साधी असते. अपवादाच्या टेम्प्लेटमध्ये 'कॉपी' लिहिली जाते आणि आतली 'अप्लाय-टेम्प्लेट्स'ची ओळ राहून जाते. मग त्या टॅगची रिकामी प्रत निघते आणि त्याच्या पोटातले सगळे जाते. त्यावर 'कॉपी-ऑफ' हा उपाय म्हणून सुचवला जातो. ही आज्ञा नोडची पोटातल्या सगळ्यासकट प्रत काढते खरी, पण आत कोणत्याही नियमाला हात लावू देत नाही. वरच्या पातळीवर ती वापरली की खालच्या पातळीवरचे अपवाद निकामी होतात. जिथे आत काहीही बदलायचे नाही अशी खात्री आहे तिथेच ती वापरावी.

नेमस्पेसची, म्हणजे टॅग कोणत्या शब्दसंग्रहातला हे सांगणाऱ्या ओळखीची, चूक याहून फसवी, कारण ती चूक म्हणून दिसतच नाही. एसव्हीजी चित्रांच्या फाइलमधले चित्राचे टॅग एसव्हीजीच्या नेमस्पेसमध्ये असतात, पण वर एकदाच घोषणा केलेली असल्याने टॅगवर सहसा उपसर्ग दिसत नाही. 'रेक्ट' या नावासाठी नियम लिहिला तर तो कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेला 'रेक्ट' शोधतो आणि तसा एकही सापडत नाही. नियम जुळला नाही की आयडेंटिटी आपले काम चोख करते, फाइल जशीच्या तशी बाहेर येते आणि इशाराही मिळत नाही. रूपांतर चालवूनही काहीच बदलले नाही असे दिसले, तर पहिला संशय नेमस्पेसवर घ्यावा. पहिल्या आवृत्तीत त्या नेमस्पेसला एक उपसर्ग देऊन नमुन्यात तो लिहावा लागतो. दुसऱ्या आवृत्तीपासून नमुन्यांसाठी गृहीत नेमस्पेस सांगण्याची सोय आहे. उलट बाजूचा त्रासही आहे. इंकस्केपमध्ये काढलेल्या चित्रात त्या प्रोग्रामचे स्वतःचे टॅग आणि अॅट्रिब्यूट असतात. रिकाम्या टेम्प्लेटने ती काढता येतात, पण नेमस्पेसची घोषणा मात्र मागे राहते, कारण 'कॉपी' ही आज्ञा एलिमेंटबरोबर त्याच्या नेमस्पेसही उतरवते. ती घोषणाही नको असेल तर प्रत काढण्याऐवजी एलिमेंट नव्याने बांधावा लागतो, किंवा दुसऱ्या आवृत्तीत 'नेमस्पेस उतरवू नका' असे सांगता येते.

एवढे होऊनही आयडेंटिटी ट्रान्सफॉर्म म्हणजे मक्षिकास्थाने मक्षिका नव्हे. मूळ प्रतीवरची मेलेली माशीही नकलेत चिकटवणारा कारकून कागदाची नक्कल करत होता. इथे नक्कल होते ती झाडाची, आणि जे झाडात चढलेच नाही ते उतरणार कुठून? डॉकटाइपची ओळ झाडात नसते, त्यामुळे सीएलडीआरच्या फाइलीवरचा डीटीडीचा, म्हणजे दस्तऐवजाची रचना ठरवणाऱ्या फाइलचा, उल्लेख निकालात येत नाही. हवा असेल तर आउटपुटच्या सूचनेत पुन्हा सांगावा लागतो. अॅट्रिब्यूटचा क्रम, अवतरणचिन्हे एकेरी की दुहेरी, टॅगच्या आतल्या मोकळ्या जागा, रिकामा टॅग आखूड लिहिला होता की जोडीने, यांपैकी कशाचीच हमी नाही. मजकुरातली चिन्हे जशीच्या तशी वाचावीत म्हणून घातलेले सीडेटाचे कुंपण विरघळून साधा मजकूर उरतो. एंटिटी, म्हणजे मजकुरासाठीचे लघुसंकेत, आधीच उलगडलेल्या असतात. डीटीडीत गृहीत धरलेली अॅट्रिब्यूट वाचताना भरली गेली तर निकालात ती प्रत्यक्ष लिहिलेली दिसतात, म्हणजे प्रत मुळापेक्षा मोठीही होऊ शकते. सर्वांत बाहेरच्या एलिमेंटच्या आधीचे आणि नंतरचे नवओळीचे अंतरही झाडात नसते, त्यामुळे फाइलच्या माथ्यावरची स्वामित्वहक्काची कॉमेंट टिकते, पण ती पुढच्या टॅगला चिकटून येऊ शकते. याउलट टॅगांच्या मधली मोकळी जागा मजकूर म्हणून टिकते. एखादी नोंद काढली की तिच्या आधीची आणि नंतरची अशा दोन्ही जागा मागे उरतात आणि तिथे कोरी ओळ दिसते.

म्हणून दोन फाइली सारख्या आहेत का हे अक्षरे जुळवून ठरवता येत नाही. त्यासाठी कॅनॉनिकल एक्सएमएल हे २००१ सालचे मानक आहे. ते प्रत्येक दस्तऐवज एकाच ठरलेल्या रीतीने लिहून काढते: अॅट्रिब्यूट ठरावीक क्रमाने, अवतरणचिन्हे दुहेरी, रिकामे टॅग जोडीने, डॉकटाइप वगळून. जाणकार आधी नुसता आयडेंटिटी नियम चालवतात, मूळ आणि निकाल दोन्ही या रूपात आणतात आणि ताडून पाहतात. फरक निघाला नाही की पाया ठीक. मग एकेक अपवाद जोडायचा आणि दर वेळी जो फरक दिसेल तो तेवढाच आहे ना, हे पाहायचे. कंटाळवाणे वाटले तरी मोठ्या फाइलीवर हाच मार्ग भरवशाचा.

मायकेल के यांच्या संपादनाखाली एक्सएसएलटी २.० ही आवृत्ती २००७ मध्ये आणि ३.० ही २०१७ मध्ये आली. तिसऱ्या आवृत्तीत आयडेंटिटी नियम लिहायचीही गरज उरली नाही. 'मोड' या घोषणेत, नियम न जुळल्यास 'शॅलो-कॉपी' करा, एवढे सांगितले की पुरते. तिथेच 'फेल' हाही पर्याय आहे: नियम न जुळलेला नोड आला की रूपांतर थांबवा. शिवाय पूर्ण झाड स्मृतीत न उभारता दस्तऐवज वाहत्या स्वरूपात हाताळण्याचीही सोय याच आवृत्तीत आहे. मोठ्या विकिपीडियांचे पूर्ण साठे एक्सएमएलमध्ये मिळतात, तसल्या अवाढव्य फाइलींसाठी ती महत्त्वाची. एक्सएसएलटीच्या बाहेरही ही कल्पना पसरली आहे. जावामध्ये स्टाइलशीट न देता तयार केलेला ट्रान्सफॉर्मर आयडेंटिटी ट्रान्सफॉर्मच करतो, आणि स्मृतीतले झाड फाइलमध्ये लिहून ठेवायला प्रोग्रामर तो सर्रास वापरतात.

सगळीकडे मात्र तो वापरू नये. एक्सएमएलवरून वेबपान तयार करायचे असेल तर निकालाचा सांगाडा पूर्ण वेगळा असतो. तिथे आयडेंटिटी ठेवली तर नियम लिहायचा राहिलेला प्रत्येक टॅग पानात शिरतो. याहून गंभीर प्रसंग गोपनीय माहितीचा. रुग्णांच्या किंवा ग्राहकांच्या नोंदी बाहेर देण्याआधी त्यातली नावे आणि फोन नंबर गाळायचे असतील, तर 'जे माहीत नाही ते राहू द्या' हे तत्त्व घातक ठरते, कारण उद्या कोणी त्या फाइलमध्ये नवा 'पत्ता' टॅग घातला की तो विनासायास बाहेर जाईल. अशा कामात ठेवायच्या गोष्टींचीच यादी करावी आणि बाकी सर्व काही अडवावे, एक्सएसएलटी ३.० हाताशी असेल तर 'शॅलो-कॉपी'च्या जागी 'फेल' लिहावे.